मी न केलेला त्याग

शिक्षण संपल्यावर इंग्लंडमध्ये राहायचे कोणकोणते मार्ग आहेत, हे मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते आमच्या युनिव्हर्सिटीच्या तळमजल्यावरच्या एका हॉलमध्ये. परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या एक बाई पडद्यावर एकेक पान दाखवत होत्या आणि आम्ही साठ-सत्तर जण, बहुतेक आपल्याकडचेच, मोबाईल वर धरून फोटो काढत होतो. पहिल्या पानावर डिग्रीनंतर मिळणारा दोन वर्षांचा व्हिसा होता. त्या दोन वर्षांत हवं ते काम करा, कुणी मालकाने तुमची हमी घ्यायची गरज नाही. खरा प्रश्न त्यानंतरचा होता. एखाद्या कंपनीने स्पॉन्सर केलं तर कामाचा व्हिसा. पीएचडीला जागा मिळाली तर पुन्हा विद्यार्थ्याचा. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या संस्थेत नोकरी मिळाली तर आणखी वेगळा. तिथल्याच कुणाशी लग्न केलं तर जोडीदाराचा. शेवटच्या पानावर असामान्य गुणवत्तेच्या लोकांसाठी असलेला व्हिसा होता. ते पान बाईंनी इतक्या घाईने पुढे ढकललं की त्याचा फोटो कुणालाच नीट मिळाला नाही.

माझ्या शेजारची मुलगी मराठीत पुटपुटली, "आपल्यात असामान्य काय आहे ते आधी आईला फोन करून विचारायला पाहिजे."

मी हसले. ती ठाण्याची निघाली, कोपरीची. मी डोंबिवलीची, मानपाड्याची. आम्ही एकाच वर्गात होतो, पण तोवर आमचं बोलणं झालेलं नव्हतं. तिथल्या लोकांना आम्ही दोघी 'मुंबईच्या' असंच सांगायचो, कारण ठाणे आणि डोंबिवली सांगून पुढे नकाशा कोण काढणार. महिनाभरात आम्ही एक खोली मिळून घेतली. पुढची अडीच वर्षं मी तिच्याबरोबर राहिले. तिच्या हातची सोलकढी प्यायले, तिच्या खोकल्यावर काढे केले, आमचे स्वेटर एकमेकींच्या अंगावर असायचे. हे सगळं आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते कुणा परक्या माणसाने केलेलं नव्हतं.

माझे पप्पा मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. लहानपणी मी त्यांच्या नखांवरून सांगायचे, आज कारखान्यात कुठला रंग होता ते. बारावीनंतर त्यांना शिकता आलं नाही. मी एकुलती एक. केमिस्ट्रीत एमएस्सी केलं, आणि मग इंग्लंडच्या कॉलेजचं पत्र आलं तेव्हा ते पत्र त्यांनी डिक्शनरी घेऊन वाचलं, पहिल्या ओळीपासून खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. निघायच्या आधीच्या रविवारी विहारात माझा सत्कार झाला. वंदना झाल्यावर सेक्रेटरी काकांनी शाल घातली, आणि आमच्या वस्तीतून परदेशी शिकायला जाणारी ही पहिली मुलगी असं माईकवर दोनदा सांगितलं. पप्पा पुढच्या रांगेत इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बसलेले. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते बघत होते.

डिग्री झाली, दोन वर्षांचा व्हिसा मिळाला, आणि मला आणि माझ्या मैत्रिणीला एकाच ठिकाणी नोकरी लागली. पाण्याचे नमुने तपासणारी छोटी लॅब होती. नदीचं, विहिरींचं, हॉटेलांच्या टाक्यांचं पाणी बाटल्यांतून यायचं. मी मशीनवर असायचे आणि ती रिपोर्ट तयार करायची. आमच्या मॅनेजर बाई चांगल्या होत्या. आमची नावं त्या सहा महिने एकीची दुसरीला घालत होत्या, पण चुकल्या की खरोखर ओशाळायच्या.

मधेच सरकारने नियम बदलला. स्पॉन्सर करायचं तर पगार अमुक एवढा तरी द्यावा लागेल, ती मर्यादा एकदम वर गेली. लॅबमध्ये आम्ही बाहेरचे चौघं होतो. चौघांचेही चेहरे त्या आठवड्यात सारखेच होते. महिनाभराने मॅनेजर बाईंनी सांगितलं की मालकाशी बोलणं झालंय, यंदा कंपनी एका माणसाला स्पॉन्सर करू शकेल. त्या 'एका'मध्ये बाकीचे दोघं बसत नव्हते, ते नवीन होते. उरलो आम्ही दोघी.

त्या संध्याकाळी आम्ही घरी चालत आलो. वाटेत ती म्हणाली, "हे बघ, जिला मिळेल तिला मिळेल. आपल्यात काही यायला नको."

"नाही येणार," मी म्हटलं.

मला वाटत होतं मलाच मिळेल. हे मी आज लपवत नाही. मशीन मला येत होतं, ते बिघडलं की इंजिनियर यायच्या आधी मी दुरुस्त करून ठेवायचे. रिपोर्ट कुणीही करू शकतं, असं मी मनात म्हणायचे. तिच्याबद्दल वाईटही वाटायचं, पण ते जिंकणाऱ्या माणसाला वाटतं तसलं.

आणि मग आईचा फोन आला. पप्पांना पॅरालिसिसचा झटका येऊन नऊ दिवस झाले होते. उजवा हात आणि थोडी जीभ गेली होती. नऊ दिवस तिने मला कळू दिलं नव्हतं, कारण पप्पांनी हॉस्पिटलमध्ये डाव्या हाताने खूण करून तिला बजावलेलं, पोरीला सांगायचं नाही.

मी किचनमध्ये खाली बसून रडले. मैत्रिणीने गॅस बंद केला, माझ्या शेजारी फरशीवर बसली, माझं डोकं खांद्यावर घेतलं. "तू जाऊन ये," ती म्हणाली. "रजा टाक. इथलं मी बघते."

मी दोन आठवड्यांची रजा टाकली आणि आले. पप्पा पलंगावर बसलेले. मला बघून त्यांना आनंद व्हायच्या आधी राग आला. तोंड वाकडं झालेलं, शब्द नीट उमटत नव्हते, तरी म्हणाले, "कशाला आलीस. नोकरी?"

"आहे नोकरी. रजा घेतलीये."

"परत जा."

ते दोन आठवडे मी त्यांना भरवलं, व्यायाम करून घेतले, आणि रोज सकाळी ते विचारायचे, तिकीट कधीचं आहे. मी परत जाईपर्यंत ते भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जायला लागले होते.

इंग्लंडला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मॅनेजर बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. आधी पप्पांची चौकशी केली. मग म्हणाल्या की स्पॉन्सरशिपसाठी आम्ही तुझ्या मैत्रिणीचं नाव पुढे पाठवलंय. निर्णय कठीण होता, पण घरची परिस्थिती आम्ही समजू शकतो. तुझा आहे तो व्हिसा संपेपर्यंत तू इथे काम करावंस अशी आमची इच्छा आहे.

मी विचारलं, "माझ्या कामात काही कमी होतं का?"

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातावर हात ठेवला. "तुझ्यासाठी कुटुंब आधी आहे, याचा आम्हाला आदर वाटतो."

मला ते वाक्य विचित्र वाटलं, पण तिथली माणसं नाही म्हणताना असंच काहीतरी गोड बोलतात, हे मला एव्हाना माहीत होतं. मी थँक यू म्हणून बाहेर आले. ती बाथरूमच्या दाराशी उभी होती. मला मिठी मारून रडली. मीच तिला समजावलं. "अगं, तुझं झालं ना. रडतेस काय."

त्यानंतर माझ्याकडे जवळजवळ आठ महिने होते. त्या बाईंच्या पडद्यावरची सगळी पानं मी एकेक करून तपासली. जवळपास दोनशे ठिकाणी अर्ज केले. मुलाखतीत सगळं बरं चालायचं, आणि मग प्रश्न यायचा, तुम्हाला स्पॉन्सरशिप लागेल का. मी हो म्हटलं की समोरचा माणूस कागद सरळ करायला लागायचा. पीएचडीसाठी दोन प्राध्यापकांनी उत्तर दिलं, जागा आहे पण परदेशी विद्यार्थ्याची फी भरायला निधी नाही. म्हाताऱ्यांच्या देखभालीच्या कामासाठी एका एजंटाला भेटायला गेले. तो आपल्याकडचाच होता, गुजराती-हिंदी बोलायचा. त्याने चहा दिला आणि सांगितलं, स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट मिळेल, पण ते विकत घ्यावं लागेल, आणि हे कुणाला सांगायचं नाही. तिथून बाहेर पडल्यावर मी बसस्टॉपवर बसले होते तेव्हा मला कळलं की मी नाही म्हणून आलेली नाही, विचार करून सांगते म्हणून आले आहे.

राहिला होता लग्नाचा रस्ता. तो कल्याणच्या मावशीने हातात घेतला. मुलगा आपल्यातला, तिथला पासपोर्ट झालेला, घटस्फोटित. मी त्याला एका कॉफीच्या दुकानात भेटले. तो सरळ माणूस होता. पाच मिनिटांत म्हणाला, "तुझा व्हिसा कधी संपतोय?" मी तारीख सांगितली. तो म्हणाला, "मला वाटलंच. गेल्या तिघींचे पण संपतच होते." त्याला माझा राग आला नव्हता. मलाच स्वतःचा आला. कॉफीचे पैसे मी दिले आणि निघाले.

हे सगळं होत असताना माझी मैत्रीण माझे अर्ज वाचून द्यायची. माझं इंग्रजी सुधारायची. मुलाखतीच्या आधी माझा शर्ट इस्त्री करून ठेवायची. ही गोष्ट मला आजही सगळ्यात जास्त छळते.

व्हिसा संपायच्या चार दिवस आधी मी निघाले. ती विमानतळावर सोडायला आलेली. तिच्या आईसाठी क्रीम, चॉकलेटं आणि एक लोकरीची शाल असं पार्सल तिने माझ्या बॅगेत घातलं होतं. आल्यावर एक दिवस मी कोपरीला जाऊन ते देऊन आले. काकू घरी नव्हत्या. वहिनीने दारातच घेतलं, पाणी विचारलं, मी नको म्हटलं.

मानपाड्यातच एका कंपनीत मला काम मिळालं. कारखान्यांचं सांडपाणी तपासायचं. जे पाणी मी तिकडे बघत होते त्यापेक्षा हे पाणी जास्त बोलकं होतं. पण बिल्डिंगमध्ये, विहारात, भाजीवाल्याकडे एकच प्रश्न, काय, आलीस का परत. कुणी खवचटपणे विचारायचं, कुणी खरोखर काळजीने. मी म्हणायचे, व्हिसा संपला. त्यावर पुढचा प्रश्न, मग वाढवून नाही मिळाला? दोनशे अर्ज कुणाला सांगणार.

पप्पांनी मात्र काही विचारलं नाही. आठ महिने मी फोनवर त्यांना म्हणत होते, बघतेय, होईल काहीतरी. झालं नाही हे त्यांना दिसत होतं. ते रबरी बॉल दाबत खिडकीत बसायचे आणि मी कामावरून आले की टीव्हीचा आवाज कमी करायचे.

पाच महिन्यांनी एका रविवारी सकाळी कोपरीच्या काकू आमच्याकडे आल्या. फोन करून, पत्ता विचारून, रिक्षा बदलत. डब्यात ओल्या नारळाच्या करंज्या. मागे घरी नव्हते, भेट राहिली, म्हणाल्या. आई चहा ठेवायला गेली. काकूंनी पप्पांची विचारपूस केली, हात बघितला, आणि मग माझा हात धरून त्यांच्याकडे वळल्या.

"भाऊ, तुमच्या मुलीचे उपकार आम्ही कधी विसरणार नाही. हिने आपली जागा सोडली म्हणून माझीचं झालं."

पप्पा म्हणाले, "कसली जागा?"

"तिकडची. कंपनी एकीलाच ठेवणार होती. हिचंच नाव होतं म्हणे. पण तुमचं असं झालं, आणि हिने साहेबांना सांगितलं की मला वडिलांकडे जायचंय, माझ्या मैत्रिणीला द्या. माझी मुलगी सांगत होती. कोण करतं हो एवढं आजकाल."

पप्पांच्या हातातला बॉल थांबला. मला आधी काही कळलंच नाही. मग मॅनेजर बाईंचा हात आठवला, घरची परिस्थिती आम्ही समजू शकतो हे वाक्य आठवलं, कुटुंब आधी आहे हे आठवलं. मी ते दोन आठवडे इथे पप्पांना खिचडी भरवत होते आणि तिकडे कुणीतरी केबिनमध्ये जाऊन माझ्या वतीने बोलून आलं होतं.

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आलेले. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना जे सांगितलं गेलं तेच त्या सांगत होत्या, आणि एवढ्या लांबून, गुडघे दुखत असताना, आभार मानायला आल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, चहा घ्या. गार होतोय." चहा तर अजून आलेलाही नव्हता.

त्या गेल्यावर पप्पा जेवले नाहीत. दुपारी मला हाक मारली.

"मला का नाही सांगितलंस?"

"पप्पा, तसं काही झालेलं नाही."

मग मी सगळं सांगितलं. एक स्पॉन्सरशिप, दोघी, माझी रजा, केबिन, आठ महिने. मी काहीच सोडलं नव्हतं, उलट शेवटच्या आठवड्यापर्यंत धडपडत होते हेही सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. त्यांची जीभ आता बरीच सुधारली होती, फक्त दमायचे.

"बरं," ते म्हणाले.

"बरं काय?"

"बेटा, एका ताटात जेवणारी मुलगी असं करेल का? मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस तू." मग म्हणाले, "मी तुझ्या आईला सांगितलेलं. पोरीला कळवू नको. ऐकलं नाही तिने."

मी त्यांना माझे अर्ज दाखवले. मोबाईलवर एकेक नकाराचं पत्र उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, दोन पत्रं वाचली, आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला. त्यांच्या मनात काहीच बदललं नव्हतं. मी जितकं खरं सांगत गेले तितकी मी त्यांना मोठी वाटत गेले.

रात्रीची भांडी घासताना आईला म्हटलं, "तुला तरी पटतंय ना?"

"मला पटलं," आई म्हणाली. "काकू बोलत होत्या तेव्हाच किचनच्या दारातून तुझं तोंड बघून पटलं."

"मग पप्पांना सांग ना."

तिने नळ बंद केला. "त्यांच्यासाठी आजपर्यंत कुणी काही सोडलेलं नाही. ना त्यांच्या भावांनी, ना कारखान्याने. त्यांना वाईट वाटतंय ते दिसतंय मला. पण त्यात दुसरं पण काहीतरी आहे. असू दे गं. तुझं काय जातंय आता?"

माझं काय जात होतं ते मला तेव्हा तिला सांगता आलं नाही. मला माझी हार हवी होती. ती निदान माझी स्वतःची होती. मी प्रयत्न केले, माझ्यावर अन्याय झाला, मी हरले, एवढं तरी मला माझं म्हणून सांगता आलं असतं. आता तेही कुणीतरी घेऊन टाकलं होतं आणि त्याच्या जागी मला चांगुलपणा दिला होता.

पप्पांनी दोन महिने कुणाला सांगितलं नाही. मग एका पौर्णिमेला विहारात सेक्रेटरी काकांनी त्यांना विचारलं, मुलगी परत का आली. पप्पांनी सांगितलं. त्यानंतर लोकांची माझ्याकडे बघायची तऱ्हा बदलली. भाजीवाल्यानेसुद्धा एकदा कोथिंबिरीची जुडी वर टाकली.

आणि मग काका घरी आले. वस्तीतल्या मुलांसाठी कार्यक्रम ठेवलाय, म्हणाले. परदेशी शिक्षण आणि पुढच्या संधी. तू बोलायचंस. मी नको म्हटलं. काका म्हणाले, "ताई, आपली पोरं एजंटांकडे जाऊन फसतात. तुला माहितीये ते सांग. बाकी काही नको." त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं.

हॉल भरला होता. मी बोलायच्या आधीच त्यांनी शाल काढली. काका माईकवर म्हणाले, या मुलीने वडिलांच्या सेवेसाठी परदेशातलं भविष्य सोडलं. टाळ्या वाजल्या. पप्पा पुढच्या रांगेत होते. उजवा हात उचलत नाही म्हणून ते डावा तळहात मांडीवर वाजवत होते.

मग मी बोलले. दोन वर्षांचा व्हिसा, स्पॉन्सरशिप, पगाराची अट, पीएचडीचा निधी, एजंट. नियम कधीही बदलतात आणि बदलताना तुम्हाला कुणी विचारत नाही, हे सांगितलं. तिथे राहता येईलच असं धरून जाऊ नका, शिकायला जा, हेही सांगितलं. मुलं लिहून घेत होती. माझं बोलणं चांगलं झालं असावं. शेवटी फार्मसी करणारी एक मुलगी उभी राहिली.

"ताई, तुम्ही म्हणालात स्पॉन्सर मिळणं खूप अवघड आहे. तुम्हाला मिळत होतं ना? मग सोडताना वाईट नाही वाटलं?"

माईक माझ्या हातात होता. पप्पा माझ्याकडे बघत होते. आई त्यांच्या शेजारी, पदर हातात घट्ट धरून.

मी म्हटलं, "नाही वाटलं. पप्पांसाठी आले."

पुन्हा टाळ्या वाजल्या. पप्पांनी मान खाली घातली.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ केलेला. पप्पांनी तो स्टेटसला ठेवला. माझ्या मैत्रिणीकडे पप्पांचा नंबर होता, मी तिकडे असताना कधी माझा फोन लागला नाही तर असावा म्हणून दिलेला. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. काकू येऊन गेल्यापासून मी तिच्याशी बोलले नव्हते. तिनेही विचारलं नव्हतं का ते. मेसेजमध्ये एवढंच होतं. "व्हिडिओ बघितला. तू समजून घेतलंस. खूप बरं वाटलं यार."

मी लंच ब्रेकमध्ये कंपनीच्या गेटबाहेर येऊन तिला फोन लावला. तिकडे सकाळ होती. तिने लगेच उचलला.

"तू मॅनेजरला काय सांगितलेलंस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "त्यांनीच विचारलं, ती परत येणार आहे ना नक्की. मी म्हटलं, मला नाही वाटत. एकुलती एक मुलगी आहे, वडिलांचं असं झालंय, तिला बोलायला अवघड जातंय."

"मी असं कधी म्हटलेलं?"

"नाही."

"मग?"

"मला वाटलेलं तू खरंच जाशील. त्या दिवशी किचनमध्ये तू किती रडलीस. मला वाटलं दोन-तीन महिन्यांत जाशीलच, मग ते सर्टिफिकेट वाया जाणार."

"आणि मी आठ महिने अर्ज करत होते तेव्हा?"

"तेव्हा उशीर झालेला."

तिच्या मागे किटलीचा आवाज येत होता. ती किटली आम्ही दोघींनी घेतलेली.

"माझं घर तुला माहीत नाही," ती म्हणाली. "दादाने माझं ठरवून ठेवलेलं. चिपळूणचा माणूस. शिकून ये, मग लग्न, या अटीवरच मला पाठवलेलं. मी परत आले असते तर पंधरा दिवसांत बोहल्यावर उभी केली असती. तुला घरी जायला घर होतं. मला नव्हतं."

हे तिने मला अडीच वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. दादाचा फोन आला की ती बाहेर जाऊन बोलायची, एवढं मात्र मला माहीत होतं.

"मला विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर दिली असतीस जागा?"

रस्त्यावरून टँकर जात होते. मी खरंच विचार केला, आणि उत्तर नाही असंच होतं. मी तिच्याबद्दल वाईट वाटून घेतलं असतं, तिच्यासाठी वकील शोधला असता, तिच्या भावाला शिव्या घातल्या असत्या, पण जागा दिली नसती.

"नसती दिली," मी म्हटलं.

"माहितीये मला," ती म्हणाली. "म्हणून नाही विचारलं."

"आणि काकूंना ते का सांगितलंस? माझ्या घरी येऊन त्या काय बोलल्या माहितीये तुला?"

"आईला काय सांगणार होते? की मी चोरली?" आता तिचा आवाज बारीक झाला. "तुझं चांगलंच सांगितलं ना. वाईट तर नाही सांगितलं."

मी फोन ठेवला. त्यानंतर आमचं बोलणं झालेलं नाही. तिने दोनदा फोन केला, दिवाळीला एक मेसेज पाठवला. तिने जे केलं त्याला तिच्याकडे कारण होतं, हे मला मान्य आहे. त्याने माझा राग कमी होत नाही. उलट आधी तो निदान सरळ होता.

पप्पा आता बरेच चालतात. फिजिओथेरपीला एकटे रिक्षाने जातात, मला किंवा आईला बरोबर येऊ देत नाहीत. मी काही आणून दिलं, औषध काढून दिलं, की म्हणतात, "राहू दे, मी घेतो." पूर्वी ते मला हक्काने हाक मारायचे, चष्मा दे, पाणी दे. आता नाही मारत. त्यांना वाटतं, या मुलीकडून आपण आधीच खूप मागून घेतलंय. मी त्यांच्यावर एकदा चिडले सुद्धा. ते नुसते हसले आणि म्हणाले, "तुझं वय गेलेलं नाही अजून. पेपरात जर्मनीचं काहीतरी आलेलं. कापून ठेवलंय."

ते कात्रण मी वाचलं. मग ऑफिसमध्ये बसून त्याची माहिती काढली. शिकलेल्या माणसाला तिथे नोकरी शोधायला वर्षभराचा परवाना मिळतो, भाषा यायला लागते, डिग्री तपासून घ्यावी लागते. कल्याणमध्ये शनिवारी जर्मनचा एक क्लास चालतो. दीड महिना झाला, मी तिथे जाते. वर्गात सगळ्यात मोठी मीच आहे. घरी ओव्हरटाइम आहे असं सांगितलंय, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीने परवा विचारलं, ताई, तुम्ही कशासाठी शिकताय, तेव्हा तिला म्हटलं, सहज, आवड म्हणून.